दिवा लागला की कळ दाब

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. सागवानी आहे, पितळी कड्यांची आहे आणि थोडी मिजासखोरही आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या पोटात दागिने नव्हते की लोणच्याची बरणी नव्हती. एक इवलासा लाल दिवा, वायरीच्या टोकाला बांधलेली लाकडी कळ आणि घड्याळासारखा काटा, एवढाच माझा संसार. दिवा लागला की काटा धावू लागे आणि समोरच्या माणसाने कळ दाबली की थांबे. काटा जितका कमी धावला, तितके त्या माणसाचे लक्ष जागेवर. आज हेच काम संगणकाच्या पडद्यावर होते म्हणे. होवो बापडे! पन्नासच्या दशकात, चांदा जिल्ह्यात, मी ते टॉर्चच्या सेलवर करत होते.

नागपूरच्या एका घड्याळजीने मला घडवले आणि डॉक्टर गुणवंतरावांनी ब्रह्मपुरीच्या आपल्या दवाखान्यात आणले. तापातून उठलेल्या, डोक्याला मार लागलेल्या माणसांना ते माझ्यासमोर बसवत. माझ्या कडेच्या फळीवर भोके होती. त्यांत खुंट्या बसवायला लावत, म्हणजे हाताची सफाई कळे. फडक्याखाली शिंपला, खिळा, चिंचोका झाकून काय काय होते ते विचारत, म्हणजे स्मरण कळे. शेवटी माझा दिवा. माझे झाकण मध्ये आडव्या भिंतीसारखे उभे राही. दिवा माणसाकडे, काटा डॉक्टरांकडे. "काटा खोटं बोलत नाही," असे ते येईल त्याला सांगत आणि मी आपली हरभऱ्याच्या झाडावर चढून बसे.

एके दुपारी वैनगंगेकाठच्या गावाहून ताराबाई आली. घरचा धंदा मासेमारीचा. सोबत तिची सून रंभा, तापाने पार वाळून गेलेली.

"डाक्टरसाहेब," ताराबाई म्हणाली, "पोरगी तापातून उठली आन् तवापासून मुकी मुकी राह्यते. हाक मारली तं लवकर ओ देत नाई. गाव तिले येडी म्हनून राह्यलं. पंच म्हन्तेत, डाक्टरनं येडी म्हनलं तं तिले मायेरी धाडा, आन् शालिकरामचं दुसरं लगन लावा."

"तुमचं काय म्हणणं?"

"मले दुसरी सून नाई पायजे जी. मले हेच पायजे."

शालिकराम तिचा मुलगा. तो बिचारा पंचांपुढे तोंड उघडू शकला नव्हता, म्हणून सासूच सुनेची वकील होऊन आली होती. मला ती बाई तिथेच आवडली.

जाळी विणलेले हात ते, रंभाने खुंट्या पटापट बसवल्या. फडक्याखालच्या वस्तू सांगितल्या आणि वर हळूच म्हणाली, "आन् फडक्याले एक भोक हाये." डॉक्टर हसले. मग म्हणाले, "हा दिवा लागला की कळ दाब."

दिवा लागला. काटा धावला, धावतच राहिला. कळ दबली, पण फार उशिरा. पुन्हा तेच. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. ताराबाईने पदर तोंडाशी धरला. मित्रांनो, त्या वेळी मला माझ्याच काट्याचा राग आला.

परीक्षा लांबता लांबता तिन्हीसांजा झाल्या. कंपाउंडर पत्रू कंदील लावून आत आला. कंदील पाहताच ताराबाईने हात जोडले, पत्रूने तो टेबलावर ठेवून हात जोडले आणि डॉक्टरांनीही, त्यांच्या नकळत, जोडले. मग ते आपल्याच जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. उठले, झाकणावरून वाकले आणि माझा दिवा पुन्हा लावला.

रंभाने कळ खाली ठेवली. दोन्ही हात जोडून मान लववली. मग कळ उचलून दाबली.

"अगं, तू आधी नमस्कार करतेस?"

"दिवा लागला जी," रंभा गोंधळून म्हणाली. "दिवा लागल्यावर हात नाई जोडाचे काय?"

डॉक्टरांनी तिला नमस्कार सोडायला सांगितले नाही, हे मी त्यांचे मोठेपण मानते. त्यांनी कळ तिच्या दोन तळव्यांच्या मध्ये ठेवली. "जोड आता."

दिवा लागला, हात जुळले, कळ दबली. काटा जेमतेम हलला. परत परत लावून पाहिले, तरी तेच. इतके चपळ लक्ष मी फार थोड्यांचे पाहिले आहे.

"डोकं शाबूत आहे हिचं, अंगात नुसता अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या मी स्वतः येऊन पंचांना सांगतो."

ताराबाई रडत रडतच सुनेवर ओरडली, "मंग आतापर्यंत बोलली काऊन नाई व?"

"कोनी इचारलंच नाई," रंभा म्हणाली. ताराबाईने तिला पोटाशी धरले.

मित्रांनो, माझा काटा खोटे बोलला नव्हता. उशीर झालाच होता. पण तो का झाला, हे काट्याला कुठून कळणार? आता मी माळ्यावर धूळ खात पडले आहे. तुमच्या वर्गात कुणी उत्तर द्यायला उशीर लावत असेल आणि सगळे त्याला ढ म्हणत असतील, तर माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला विचारा.