शिमकेंतची ल्युदमिला

आमच्या दवाखान्याला दोन दारं आहेत. खरूज-नायट्याची माणसं रस्त्यावरच्या दाराने येतात आणि गुप्तरोगाची मागच्या, सफरचंदाच्या झाडांतल्या दाराने. कोण कुठल्या दाराने आत शिरलं यावर सगळं जारकेंत गाव आठवडाभर चघळतं. मी इथे गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या रक्तचाचणीवर संशोधन करते. रोग नसतानाही चाचणी कधीकधी रोग दाखवते, ती का, हा माझा विषय. आई मात्र शेजारणींना सांगते, आमची उल्तुगान मुरुमांची डॉक्टर आहे.

बालवाडीच्या स्वयंपाकघरात पाव भाजणारे सापारगाली आगा दरवर्षी सक्तीच्या तपासणीला यायचे ते छाती काढून रस्त्याच्या दाराने. यंदा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून त्यांचा निकाल आला आणि मी दार लावून घेतलं.

"आगा, रक्तात गरमी निघाली आहे."

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "हे येतं कुठून, पोरी?"

"माणसाकडून माणसाला. बहुतेक अंथरुणातून."

पुन्हा टोपी फिरली. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर एक सोनेरी केसांची बाई साबण घेऊन हसत होती. "माझ्याच नावावर लिही. जुनी भानगड आहे. शिमकेंतची एक बाई होती. ल्युदमिला."

"तुमच्या बायकोचंही रक्त घ्यावं लागेल."

"तिला यात ओढू नकोस." मग खालच्या आवाजात, "इंजेक्शनं देतात ना? सुई मोठी असते का गं?"

मला संताप आला. शिमकेंतला जाऊन रंग उधळताना भीती वाटली नाही, आणि आता सुईला घाबरतात! दंडाला नळी बांधून मी खात्रीच्या चाचणीसाठी पुन्हा रक्त घेतलं, आणि जरा जोरातच घेतलं.

दुसऱ्या निकालाचं बंद पाकीट आलं त्याच सकाळी कालामकास आपा रस्त्याच्या दाराने आत शिरल्या. खरजेच्या रांगेसमोर त्यांनी बाही वर केली. "घे माझंही रक्त! त्या म्हाताऱ्याने काय काय घरात आणलंय ते कळू दे सगळ्यांना."

मी त्यांना आत ओढलं. आगांनी घरी सगळं कबूल केलं होतं. आपा बहिणीकडे निघून गेल्या होत्या. पोरीचं, तोगझानचं लग्न तोंडावर, आणि आपांनी शपथ घातली होती की त्या आगांच्या शेजारी बसणार नाहीत. लग्नात नाही आणि त्यानंतरही नाही.

"ल्युदमिला म्हणे! याला बसमध्ये बसलं की ओकारी येते. हा शिमकेंतला गेला कधी?" सुई पाहताच त्यांनी डोळे मिटले आणि मी टोचायच्या आधीच किंचाळल्या. "लवकर कर गं! आणि त्याचा निर्लज्जपणा बघ. आदल्या रात्री व्याह्यांशी पोरीचं लग्न पक्कं केलं, आणि सकाळी हा इथे तपासणीला!"

माझा हात थांबला. "आदल्या रात्री? व्याही आले होते? मग शेपटी-कलेजी झाली असेल."

"झाली म्हणजे? विहिणींनी मूठमूठ कोंबली त्याच्या तोंडात. नाही म्हणायची सोय आहे का? उरलेली गालांना फासली."

दुंब्या मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि कलेजी एकमेकांच्या हातून खाल्ली की आमच्याकडे सोयरीक मोडत नाही. पण इतकी चरबी खाऊन सकाळी रक्त दिलं तर ही पहिली चाचणी हमखास फसू शकते. मी प्रयोगशाळेला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, हो, त्या नळीतलं रक्तद्रव चरबीने दुधासारखं पांढरं होतं, तरी तसंच चाचणीला लावलं. मी तिला चार शब्द सुनावले. मग टेबलावरचं पाकीट फोडलं. खात्रीची चाचणी स्वच्छ होती.

"आपा, आगांना काही झालेलं नाही. शेपटीने घात केला."

त्या इतक्या हसल्या की ओढणी सुटली. आणि मग ती बांधता बांधता थांबल्या.

"काही झालेलं नाही, तर तो कबूल का झाला?"

मी कॅलेंडरवरच्या बाईकडे पाहिलं आणि मला कळलं. ल्युदमिला तिथूनच आली होती.

"त्याने काही केलं नव्हतं," आपा सावकाश म्हणाल्या. "हे त्याला माहीत होतं. मग रोग कुठून आला असं वाटलं त्याला?" त्या खुर्चीत बसल्या. "माझ्याकडून."

आगा मागच्या दाराशी, झाडाखाली उभे होते. निकाल घ्यायला आले होते, पण आपांचा आवाज ऐकून आत यायला धजले नव्हते. आपा तडक बाहेर गेल्या. भांडण सोडवायला मीही मागोमाग गेले.

"तुझ्या रक्तात काही नाही, म्हाताऱ्या. नुसती चरबी आहे. बोल, माझ्यावर संशय घेतलास?"

"घेतला." आगांनी मान खाली घातली. "दुसरं काही सुचलंच नाही."

"तरी मला एका शब्दाने विचारलं नाहीस? स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस?"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

"तर काय केलं असतंस?"

"काय करणार? दोघांनी औषध घेतलं असतं." आगांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपांकडे. "तुला सुईची भीती वाटते. म्हटलं, पहिली आपण घ्यावी आणि दुखत नाही म्हणून सांगावं."

आपांनी ओढणीने डोळे पुसले, त्याच ओढणीने आगांच्या टोपीवरचं पीठ झटकलं आणि त्यांचा हात धरला. दोघं परत आत येऊन रस्त्याच्या दाराने, सगळ्या रांगेसमोरून घरी गेली.