ऑर्विलची किटली

जूनमध्ये बाप गेला तेव्हा वेड टॅगार्टला मारायला कोणी सापडलं नव्हतं. त्यानं शोधलं नाही असं नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं डॉक्टरांचीच कॉलर धरली होती, आणि दोघा नर्सनी त्याला बाहेर नेऊन बसवलं होतं. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालू असताना त्याची थोरली बहीण रोवेना म्हणाली की हृदय नव्हे, उन्हानं मारलं बाबांना. वेडनं हातातलं बटाट्याच्या सॅलडचं भांडं भिंतीवर फेकलं. त्यानंतर भावाबहिणीत बोलणं असं झालंच नाही.

ऑर्विल टॅगार्ट पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरखाली सापडला होता, पाना हातात धरलेला. त्या आठवड्यात खोऱ्यात जे ऊन पडलं, तसं हयात असलेल्या कुणालाच आठवत नव्हतं. झाडावरची सफरचंदं एका बाजूनं भाजून निघाली होती. वेडनं बापाला पाय धरून बाहेर ओढलं, आणि त्याच्या अंगाला हात लावला तेव्हा काय वाटलं ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये डोंगर पेटला. तो कुणी तरी पेटवला हे गावात दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना माहीत झालं होतं. पाहिलं कुणीच नव्हतं. कुणाच्या मेव्हण्यानं एक पांढरी व्हॅन पाहिली होती, कुणाच्या फोनवर पेट्रोलच्या डब्यांचा फोटो आला होता, तो कुठला होता ते विचारायला कुणाला वेळ नव्हता. पोर्टलंडला शाळेत भूगोल शिकवणारी, बापाचं घर आवरायला येऊन राहिलेली रोवेना पहिले दोन दिवस किराणा दुकानात लोकांशी बोलत राहिली. डोंगरावर बर्फ किती कमी पडलं, लाकडातला ओलावा किती उतरला, उभी झाडं आता वखारीतल्या फळ्यांपेक्षाही कोरडी आहेत. लोक ऐकून घ्यायचे, कारण ती ऑर्विलची मुलगी होती. तिच्या बोलण्यात अंश होते, टक्के होते. त्यांच्या बोलण्यात एक माणूस होता. माणसाला पकडता येतं. तिसऱ्या दिवशी तिनं बोलणं सोडून दिलं.

गाव रिकामं करण्याचा हुकूम आला त्या दुपारी ती गावातून गाडी घेऊन म्युलन रस्त्यानं वर निघाली, भावाला आणायला. घरातलं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

वळणावर वेडच्या दोस्ताची, गॅरी स्टब्जची लाल पिकअप रस्त्यात आडवी लावलेली होती. पेटवणाऱ्याला पकडायला सकाळी तिथं दहाबारा जण बंदुका घेऊन उभे होते म्हणे. धूर गडद झाल्यावर एकेक जण बायकापोरांच्या नावानं सटकला होता. उरले होते वेड आणि गॅरी. त्या दोघांच्या मध्ये, रस्त्यावर गुडघ्यांवर बसवलेला, तिसरा माणूस होता. त्याच्या ओठातून रक्त गळून शर्टावर वाळलं होतं. रोवेनानं त्याला ओळखलं. नदीपलीकडच्या आदिवासी वस्तीतला लायल थॉम. बाबांच्या अंत्यविधीला तो सगळ्यांत मागं, टोपी छातीशी धरून उभा होता आणि जेवायला थांबला नव्हता.

"घ्या, मास्तरीण बाई आल्या," गॅरी म्हणाला. "आता वर्ग भरणार."

वेडनं तिच्याकडं पाहिलं नाही. पायानं त्यानं एक डबा पुढं ढकलला. ॲल्युमिनियमचा, लांब वाकड्या नळीचा, नळीच्या तोंडाशी वात असलेला. आत डिझेल-पेट्रोलचं मिश्रण भरायचं, वात पेटवायची, आणि डबा तिरका धरून चालत गेलं की जमिनीवर पेटते थेंब पडत जातात. वनखात्याचे लोकही तोच वापरतात. पण हा वनखात्याचा नव्हता. याच्या मुठीवर ट्रॅक्टरचा हिरवा रंग लागलेला होता. बाबा याला किटली म्हणायचे. दर वसंतात, जमीन ओली असताना, ते आणि लायल घराभोवतीचं वाळकं गवत पट्ट्यापट्ट्यानं जाळून टाकत आणि मग पायरीवर बसून कॉफी पीत. शेजारच्या कुंपणाचे चार खांब जळाले तेव्हा वेडनंच आरडाओरडा करून ते बंद पाडलं होतं.

"बाबांची किटली आहे ही," रोवेना म्हणाली.

"चोरलीय यानं."

लायलनं मान वर केली. ती ऑर्विलनंच दिली, तो म्हणाला, माझ्या पोरांना नको झालीय तर तू ठेव म्हणून. आणि आता तो वर चालला होता तो टॅगार्टांच्याच घराकडे. घराभोवती पट्टा जाळून ठेवला तर आग आली तरी तिला खायला काही मिळणार नाही, घर वाचेल.

गॅरी खो खो हसला. "ऐकलंस ना वेड? स्वतःच्या तोंडानं सांगतोय. तुझं घर जाळायला चाललोय म्हणतोय."

रोवेना मध्ये पडली. तिनं समजावायचा प्रयत्न केला. आगीनं आग कशी अडते, बाबा काय करायचे, तुलाही ठाऊक आहे वेड. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की तिचा आवाज वर्गात लागतो तसा लागला आहे. वेडच्या मानेवरची शीर फुगत होती. त्यानं लायलला काखांना धरून उठवलं आणि पिकअपच्या मागं नेलं. नावं सांग, तो म्हणत होता. तुझ्याबरोबर आणखी कोण आहे? कुणी पैसे दिले?

लायलचा उजवा हात गाडीच्या मागच्या उघड्या फळीशेजारी, हौद्याच्या कडेवर टेकलेला होता. तो दमला होता. त्यानं हळू, समजावणीच्या सुरात म्हटलं, "पोरा, तू चुकीच्या माणसाला धरलंयस. तुझ्या बापाला उन्हानं मारलं. हे रानही उन्हानंच..."

वेडनं फळी उचलून दाणकन आपटली.

आवाज सुक्या काटक्या मोडल्यासारखा आला. लायल ओरडला नाही, श्वास आत ओढला गेला आणि तिथंच अडकला. वेडनं फळी उघडली आणि पुन्हा आपटली. तिसऱ्या वेळी रोवेना त्याच्या पाठीवर होती, तिनं त्याच्या केसांना धरून मान मागं ओढली आणि त्याचं कोपर तिच्या गालाच्या हाडावर बसलं. ती रस्त्यावर पडली. लायल फळीपासून घसरत तिच्याशेजारी बसला. त्याची बोटं हातमोज्यात वाळू भरावी तशी दिसत होती. तिनं गळ्यातला रुमाल काढून ती बांधायला घेतली. जे वाक्य त्यानं उच्चारलं तेच तिनं चर्चच्या तळघरात उच्चारलं होतं. तिच्या वाट्याला फक्त बटाटे आले होते.

वारा पडला तो तेव्हा. इतका वेळ चेहऱ्याला लागत होता तो एकदम थांबला आणि मग पाठीमागून, डोंगराकडून, भट्टीचं दार उघडावं तसा आला. वरच्या धारेवरच्या झाडांमागं केशरी रंग उभा राहिला. धारेवरून जळते तुकडे त्यांच्या डोक्यावरून खाली खोऱ्यात उडत होते.

गॅरीनं पिकअपचं दार उघडलं. लायलनं त्याला थांबवलं. खाली बघ, तो म्हणाला, ठिणग्या आपल्या आधी पोचल्यात, घळीत दोन्ही बाजूंनी धूर आहे, रस्ता गेला.

"तुझं ऐकू मी?" गॅरी म्हणाला. "चल वेड, बस."

वेड बहिणीकडं पाहत राहिला. ती लायलला धरून उठवत होती, गाडीकडं येत नव्हती. गॅरीनं दोनदा हॉर्न दिला, एक शिवी हासडली आणि लाल पिकअप वळणाआड गेली. ब्रेकचा दिवा धुरात क्षणभर दिसला.

रस्त्याच्या खालच्या अंगाला कमरेएवढं वाळलेलं गवताचं कुरण होतं. लायल त्याच्याकडं पाहत होता. आता एकच उपाय आहे, त्यानं रोवेनाला सांगितलं. हे गवत आपण आधी जाळायचं. वारा पाठीवर आहे, ती आग खाली पळून जाईल, मागं काळी जमीन उरेल, त्या काळ्यात जाऊन पडायचं. मोठी आग आली की तिला तिथं जाळायला काही नसेल. "माझा हात गेलाय. तू कर. किटली तिरकी धर आणि कडेकडेनं चालत राहा. थांबू नकोस."

तिनं लायलच्या खिशातला लायटर घेतला. वात पेटली. किटली तिला वाटली होती त्याहून जड होती.

"खाली ठेव ती, रो."

वेडनं बंदूक खांद्याला लावली होती. त्याचा चेहरा लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला होता. "खाली ठेव. तू नको. तू लावू नकोस."

तिनं पहिलं पाऊल टाकलं. गोळी तिच्या बुटाच्या पुढं डांबरात शिरली आणि खडी पोटरीला लागली. तिनं दुसरं पाऊल टाकलं. नळी तिरकी केली. पेटता थेंब गवतावर पडला, दुसरा पडला, आणि फर्र करून आवाज झाला.

लायल चालत जाऊन बंदुकीच्या नळीसमोर उभा राहिला, मोडका हात छातीशी धरून. "मारायचं तर मला मार," तो म्हणाला. "पण तिचं होऊ दे."

रोवेनानं मागं पाहिलं नाही. ती कुरणाच्या कडेनं चालत गेली, आणि तिच्या पावलांमागं ज्वाळांची एक ओळ उभी राहून वाऱ्याबरोबर उताराला धावत सुटली. तिच्या भुवया जळल्या. पाठीमागं आता आगीचा आवाज नव्हता, अखंड गडगडाट होता. तिनं किटली टाकली, रस्त्यावरच्या आपल्या गाडीतली ताडपत्री ओढून घेतली, लायलला धरून धगधगत्या काळ्या जमिनीवर नेलं आणि ताडपत्री दोघांवर ओढली. वेड अजून रस्त्यावरच होता. त्याच्या शर्टाची बाही पेटली होती आणि त्याला ते कळलेलं दिसत नव्हतं. ती परत गेली, त्याच्या पट्ट्याला धरून त्याला हातातल्या बंदुकीसकट पोत्यासारखं ओढत आणलं आणि तोंडघशी पाडलं.

मग आग त्यांच्या दोन्ही बाजूंनी गेली. किती वेळ गेली ते तिला सांगता आलं नसतं. हवा श्वासात घेण्याजोगी उरली नव्हती. जमिनीला नाक लावून जेवढी मिळेल तेवढी ती घेत होती. रस्त्यावर तिची गाडी फुटली, काचा उडाल्या. कुणी तरी सारखं आई, आई म्हणत होतं. तो वेड होता.

आवाज पुढं सरकला तेव्हा वेड उठून बसला. त्यानं उजवा तळहात जमिनीवर टेकवला होता. राखेखालची माती अजून तापलेली होती आणि तो हात उचलत नव्हता.

"असेच लागले होते," तो म्हणाला.

"काय?"

"बाबा. हात लावला तेव्हा. असेच."

तिनं त्याचं मनगट धरून हात उचलला. तळव्याची कातडी मातीला चिकटून राहिली.

अग्निशामक दलाबरोबर शेरीफचा माणूस वर आला तेव्हा त्यानं आधी पाणी दिलं, मग विचारलं. खाली घळीत एक लाल पिकअप जळालीय, आत माणूस आहे. आणि हे कुरण वणव्यानं पेटलेलं नाही, कडेला ओळीनं लावलेलं दिसतंय. कुणी लावलं? विचारताना त्याचे डोळे लायलवर होते.

"मी," रोवेना म्हणाली. "ती किटली पडलीय बघा. माझ्या बापाची आहे."

गॅरीला कुठल्या आगीनं गाठलं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. घळीतल्या, की तिच्या. ते कधीच कळणार नाही, एवढं तिला तिथंच कळलं होतं. शेरीफच्या माणसानं मान हलवली आणि पुन्हा लायलकडं पाहिलं. हाताचं काय झालं, त्यानं विचारलं. फळीत सापडला, लायल म्हणाला.

संध्याकाळी शेजारच्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये खाटा टाकल्या होत्या. किराणा दुकानातली नॉर्मा प्लेट घेऊन आली. पकडला म्हणे तो, ती सांगत होती, नदीपलीकडचा, पेटवायचा डबा हातात असताना. दवाखान्यात आहे. गॅरीचे भाऊ चाललेत तिकडं, आणखी काही पोरं जमलीत.

"नॉर्मा, तो नव्हता. कुरण मी जाळलं. आणि डोंगर कुणीच नाही पेटवला."

नॉर्मानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत खरोखरच माया होती. "बाप गेल्यापासून तुझे हाल बघतेय मी, बाळा. खाऊन घे काही तरी." तिनं हॅमचं सँडविच रोवेनाच्या हातात ठेवलं आणि ती पुढच्या खाटेकडं वळली.

पलीकडच्या खाटेवर वेडनं बूट चढवले. उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून डाव्या हातानं नाड्या बांधायला त्याला वेळ लागला. रोवेनानं त्याला कुठं निघालास म्हणून विचारलं.

"दवाखान्यात. दारात उभं राहायला."

कुणाच्या बाजूनं, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. वेडनं खाटेखालून बंदूक काढली. ती आत आणायला कुणीच हरकत घेतली नव्हती. क्षणभर त्यानं ती बँडेजवर तोलून पाहिली, मग दस्ता पुढं करून तिच्याकडं दिली.

"ही तू धर," तो म्हणाला. "माझ्याकडं नको."

तिनं सँडविच खाटेवर ठेवलं आणि बंदूक घेतली. दोघं बाहेर पडली तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांचे दिवे एकामागून एक लागत होते आणि सगळ्यांची तोंडं दवाखान्याच्या रस्त्याकडं होती.