सुरीवरचा पहारा

लिस्बनच्या त्या बड्या सभागृहाच्या मागच्या दारावर पहारेकऱ्याने तिमोतेओची सुरी काढून घेतली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली.

सुरी नाही तर वाजवायचं कशाने? खांद्याला टेकवलेली लोखंडी पट्टी आणि तिच्यावर खालीवर घासली जाणारी सुरी, हेच त्याचं वाद्य. त्याच्या लहानपणी केप व्हर्दच्या सांतियागो बेटावर पाद्री याला धांगडधिंगा म्हणायचा आणि गोऱ्यांचा हवालदार पट्टी जप्त करायचा. आता गोरे तिकीट काढून ऐकतात, पण जप्ती काही सुटली नाही. त्यात ताफ्याचा म्होरक्या, त्याचा अकॉर्डियनवाला भाचा एल्देर, तसाच आवाज काढणारं एक यंत्र घेऊन आला होता. आज आपण वाजवलं नाही तर आयत्या बिळावर हा यंत्राचा नागोबा कायमचा बसणार, हे तिमोतेओला पक्कं ठाऊक होतं.

"मामा, आजच्या दिवस चमच्याने वाजव ना," एल्देर म्हणाला.

"चमच्याने तू सूप पी."

पहारेकरी ब्राइमा गिनी-बिसाऊचा, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गोऱ्यांच्याच दुसऱ्या जुन्या वसाहतीतला. आपल्यासारखाच काळा, तेव्हा ऐकेल, असं वाटून तिमोतेओने त्याला धारेवर अंगठा फिरवून बघायला सांगितलं. हिने लोणीसुद्धा कापलं जात नाही म्हणाला. ब्राइमाने सुरीकडे पाहिलंही नाही.

"केप व्हर्दचे ना तुम्ही? आमच्या गावात गोऱ्यांचा कर वसूल करायला तुमच्यातलाच एक यायचा. डोक्यावर टोपी. माझ्या आज्याची गाय सोडून नेली त्याने."

"तो मी नव्हतो. मी इथे यांच्या इमारतींच्या विटा वाहत होतो."

"नसाल. पण आज टोपी माझ्या डोक्यावर आहे, म्हातारबा."

"टोपी तीच आहे रे. डोकं तेवढं बदललंय."

ब्राइमाला मिरच्या झोंबल्या. दोघांचा आवाज चढला तशी कार्यक्रमाची आयोजक, गोरी दोना ग्रासा, धावत आली. तिने हसतहसत तोडगा काढला: सुरी रंगमंचावर द्यायची, पण पहारेकरी शेजारी उभा राहील आणि वाजवून होताच परत घेईल. दोघांनाही तिने विचारलं नाही.

तिमोतेओ त्या रात्री नुसत्या रागाने वाजवत होता. एल्देरची बोटं त्याला गाठता गाठता दमली. शेजारी ब्राइमा कमरेला हात लावून ताठ उभा, आणि लोक त्या दोघांकडे बोट दाखवून नाचत होते.

पडदा पडला तशी दोना ग्रासा आनंदाने आत आली. लोकांना वाटलं, हे नाटकच आहे! पोर्तोच्या कार्यक्रमात आणि पुढे सगळीकडे असंच करायचं, गणवेशासकट. एल्देर होयबासारखा मान हलवत राहिला.

"मामा, तुझी जागा पक्की झाली की."

जागाच तर हवी होती तिमोतेओला. ती मिळाली, पण चोराची. त्याला शिसारी आली.

"मी नाही येणार," सुरी परत घेत ब्राइमा म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी? मला तरी कुणी विचारलं?" मग तिमोतेओ भाच्याकडे वळला. "तुझं यंत्र लाव. त्याच्या शेजारी पहारा लागत नाही."

पट्टी काखेत मारून तो मागच्या दाराने निघाला.

"सुरी राहिली तुमची," ब्राइमाने मागून हटकलं.

तिमोतेओने वळूनही पाहिलं नाही.

"ठेव. तुझ्या आज्याच्या गाईच्या बदल्यात."