पाव्हण्याचं नाव

अणशी गावात नको असलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की ते येतं. म्हणून वाघाला थोरला म्हणतात, सापाला लांबडं, आणि फॉरेस्टच्या साहेबाला जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एकोणीस वर्षांच्या गिरजाकडं सांजेला जो यायचा, तो पाव्हणा. सकाळी ती भाताचे भारे उचलायची. दिवस कलला की पापण्या ओघळायच्या, घास चावताना जबडा थकायचा, आवाज नाकात जायचा. आडवी झाली की पाव्हणा छातीवर बसायचा. वजनदार, पण सभ्य. कधी चहा मागितला नाही.

बेळगावात डॉक्टर सुप्रियांनी आजार ओळखला. अंगातले पहारेकरीच फितूर होऊन स्नायूंना जाणारे निरोप अडवतात. छातीतली ग्रंथी त्यांना शिकवते, ती काढायची.

"कधी दम कोंडतो का? कोंडत असेल तर आधी मशीनवर रक्त गाळू. नाहीतर ऑपरेशननंतर जिवावर बेतेल."

बाईनं सरळ पाव्हण्याचं नावच घेतलं! गिरजाच्या बापानं, म्हादूनं, कानांवर हात ठेवले.

"तसलं काय न्हाई, म्याडम."

"सकाळी नळीत फुंकायला लावून श्वास तपासला, तो चांगला होता खरं. मग ऑपरेशन उद्याच घेऊ."

खिडकीतलं ऊन उतरलं. गिरजाला ओळखीची पावलं ऐकू आली. लिफ्ट सोडून जिन्यानं. पाव्हणा गावचाच.

"अप्पा, त्यो आला."

"गप! नाव घिऊ नगंस."

"न घेता रोज येतोयच की!" तिनं डॉक्टरांचा हात धरला. "दम, म्याडम. निजलं की कोंडतोय."

नाव निघालं आणि छाती हलायची थांबली. पण इथं नळी होती, मशीन होतं, आणि नावाला न भिणारी माणसं होती.

पुढं एक दिवसाआड तिचं रक्त बाहेर जाऊन, पिवळं पाणी पिशवीत टाकून परत यायचं. म्हादू पिशवीला लांबूनच हात जोडायचा. अंगात ताकद आली, मग ग्रंथी निघाली.

काही महिन्यांनी, अणशीत, गोळ्या घेऊन गिरजा सांजेलाच पडली होती. पापण्या जागेवर. अंगणात पावलं वाजली. जड, सावकाश.

तिनं छातीवर हात ठेवला. "अप्पा... त्यो?"

म्हादूनं फटीतून बघितलं. घामानं निथळत कुजबुजला, "न्हाई. थोरला हाय."

"थोरला व्हय!" गिरजा म्हणाली, आणि लांब श्वास घेऊन निवांत कुशीवर वळली.