भिंतीबाहेरचे पाइप

"असले पाइप गोदामात असतात. घरात कोण लावतं?" बाबांनी माझा मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. "आणि यांना रंगसुद्धा दिलेला नाही!"

"तीच तर फॅशन आहे, बाबा. वायरिंगचे पाइप भिंतीच्या बाहेरूनच न्यायचे. सगळ्यांना दिसले पाहिजेत."

"दिसले पाहिजेत?" ते हसले. "चाळीस वर्षं जो तो मला एकच सांगायचा. मिस्त्री, काही दिसता कामा नये."

बाबा वायरमन. भिंतीत झिरी मारायची, पाइप गाडायचा आणि वरून प्लास्टर असं गुळगुळीत करायचं की कुठे काय आहे ते कळू नये, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक नवं घर बघायला यायचे आणि फरशीचं कौतुक करायचे, रंगाचं करायचे, अगदी पडद्यांचंसुद्धा करायचे. लहानपणी एकदा मी मैत्रिणीला एका नव्या इमारतीत नेलं आणि ऐटीत म्हटलं, "हे माझ्या बाबांनी केलंय." तिनं चारी भिंती पाहिल्या आणि विचारलं, "काय?" मला सांगता येईना. घरी येऊन मी भोकाड पसरलं होतं.

म्हणून मला ते पाइप हवे होते. फॅशनबिशन सगळं नवऱ्याला सांगायला. "घर आहे की कारखाना?" असं तो म्हणालाच. पण मला माझ्या घरात बाबांचं काम डोळ्यांसमोर हवं होतं, आणि मला घाई होती. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहायचे आणि अलीकडे त्यांचं विसरणं वाढलं होतं. चहाचा कप विसळून ठेवायचे आणि चहा मागायचे. एकदा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी शेजारणीलाच आमचं घर विचारलं. वय झालं, चालायचंच, असं म्हणत मी काणाडोळा करत राहिले.

हात मात्र काही विसरले नव्हते. दोन दिवस गॅलरीत बसून त्यांनी ते लोखंडी पाइप वाकवले. एक वळण मनासारखं आलं नाही म्हणून अख्खा पाइप बाजूला टाकला.

"चांगलं तर दिसतंय," मी म्हटलं.

"आत गाडायचा असता तर मीही चांगलंच म्हटलं असतं," ते म्हणाले. "आता चार लोक बघणार ना!" आणि ते चक्क लाजले. त्यांना असं लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी आम्ही भिंतीवर खूण केली. निळी पूड लावलेल्या दोरीचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. दोरी ताणून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. बटणांपासून वर, दाराच्या चौकटीवरून वळून तीन दिव्यांपर्यंत.

"उद्या क्लिपा मारून पाइप बसवतो," बाबा म्हणाले. "तू कामावरून येशील तेव्हा दिवे लागलेले असतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला तर म्हणाले, "कामात आहे. मधे मधे बोलू नकोस." आवाजात जुना रुबाब होता. मी दिवसभर खुशीत होते.

संध्याकाळी दार उघडलं तर तिन्ही दिवे लागलेले. आणि पाइप कुठेच नव्हते. भिंतीवर फक्त ओल्या प्लास्टरचा एक गडद पट्टा होता. बटणांपासून वर, चौकटीवरून वळून दिव्यांपर्यंत.

"हळूच हात लाव, ओलं आहे," बाबा म्हणाले. केसांपासून पायांपर्यंत ते भिंतीच्या धुळीनं पांढरे झाले होते. "रंग लागला की आत काय आहे ते कुणाच्या बापाला कळणार नाही."

सकाळी त्यांना निळी रेघ दिसली असणार. भिंतीवर रेघ म्हणजे झिरी मारायची, चाळीस वर्षं हेच केलेलं. मी छान म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "आणि पाइप?"

"आत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खिडकीत गेली. क्लिपांचं पाकीट तिथे न फोडता पडलं होतं.

"बाहेरून हवे होते का तुला?"

"हो. पण बाबा, माझंच चुकलं. मी तुम्हाला सांगायलाच विसरले."

"विसरलीस?" त्यांचा आवाज चढला. "अगं, काम सांगताना नीट सांगावं! माणूस दिवसभर राबतो. असं विसरून कसं चालेल?"

"चुकलं, बाबा."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आणखी बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते थांबले आणि जवळच्या स्टुलावर बसले.

"लहानपणी खोटं बोललीस की अशीच खाली बघायचीस," ते म्हणाले.

मी खिडकीतलं क्लिपांचं पाकीट उचलून हातात घेतलं.

"उद्या दुसरा वायरमन बोलाव. प्लास्टर कच्चं आहे तोवर पाइप सुटतील. वळणं चांगली आलीत, ती वाकवू नको म्हणावं."

"आणि त्याला काय सांगू?"

त्यांनी थोडा विचार केला. "सांग, आधीचा मिस्त्री काम सोडून गेला."

मग उठून त्यांनी झाडू मागितला. मी झाडते म्हटलं तरी दिला नाही. काम करणाऱ्यानंच जागा साफ करून द्यायची असते, म्हणाले. आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून, स्टूल, खुर्च्या सरकवत, त्यांनी सगळी खोली झाडून काढली.