भैयालालनं ऐकलं नाही

भाऊरावांच्या सत्काराला जायचं की नाही, या विचारानं गुलाबबाईंचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. माणूस शूर, त्यात वादच नाही. एकाहत्तरच्या लढाईत फौजेच्या इंजिनीअर तुकडीत असताना त्यांनी भर गोळीबारात हातांनी सुरुंग काढले, रणगाड्यांना वाट करून दिली आणि शौर्यपदक मिळवलं. पण त्याच वाटेवर, त्यांच्याच तुकडीत असलेला गुलाबबाईंचा थोरला भाऊ भैयालाल मारला गेला होता. लढाईनंतर त्याची ट्रंक घेऊन भाऊराव स्वतः हिंदी मुलखातल्या त्यांच्या गावी, उतईला आले आणि बापाला म्हणाले, "मैंने आवाज दी थी, बाबूजी. उसने सुना नहीं."

झालं! शहिदाचं घर ते, पण त्या एका वाक्यानं त्याची रया गेली. बाप मरेपर्यंत म्हणत राहिला, "मोर टुरा काकरो नइ सुनय," माझा पोरगा कुणाचंच ऐकत नाही. पुढे घरातलं कुणी पोर हट्टाला पेटलं, की "भैयालाल बनबे का?" म्हणून त्याला दटावायचे. गुलाबबाईंच्या ते जिव्हारी लागायचं. आपला भाऊ तसा नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला? शेवटी शेजारच्या वंदनानं त्यांना हाताला धरून नेलंच.

मराठी मंडळाच्या हॉलात शाल-श्रीफळ झालं, फोटो काढून घेणाऱ्यांची हौस फिटली, आणि भाऊराव माइकपुढे उभे राहिले. घरच्याच बोलीत सुरू झाले.

"मी पुढं पालथा पडून माती चाचपून राहिलो होतो. भैयालाल मांगं वाट आखायची पांढरी फीत घेऊन उभा. जागा साफ झाली म्हणून मी सांगीन, मंग त्यानं पुढं यावं, असं ठरलं होतं. तेवढ्यात समोरून मशीनगन चालू झाली. फौजेत आमचं बोलणं हिंदीतच, पण जीव घाबरला की मायबोलीच तोंडात येते ना जी! मी बोंबललो, 'खाली! खाली!' अन् हा सरळ पुढं आला. सुरुंगावरच पाय. माह्या खांद्यात छर्रे घुसले, तरी वाट पुरी केली. पण त्यानं कावून नाही आयकलं, मले अजून समजलं नाही."

हॉल हळहळला. गुलाबबाई मात्र ताठ झाल्या. लग्न होऊन कारखान्याच्या सेक्टरात, मराठी शेजाऱ्यांत राहायला आल्या, तेव्हा वंदनाच्या सासूनं भरली बादली "खाली ठेव" म्हटलं होतं, आणि यांनी ती घाईघाईनं मोरीत ओतून रिकामी केली होती. क्वार्टरांची अख्खी लाइन हसली होती. 

त्या उठल्या. वंदनानं पदर ओढला, पण ऐकतंय कोण!

"भैय्याजी," त्यांनी जागेवरूनच विचारलं, "जगह साफ हो जाए, तो आप उसको क्या बोलते थे?"

"काय म्हणजे? 'खाली है' म्हणत होतो, अन् तो पुढं येत होता..." भाऊराव म्हणाले.

"मेरे भाई को मराठी नहीं आती थी," गुलाबबाई म्हणाल्या.

भाऊरावांनी आधारासाठी माइकची दांडी धरली. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

"त्यानं आयकलं," ते पुटपुटले. माइक चालूच होता. सगळ्या हॉलला ते ऐकू गेलं.