कालवणाची दलदल

हारूनने बोटाला साबण लावला आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशावर हळूच फिरवला. पिवळा डाग लालभडक झाला.

"हळद आहे साहेब. कालवणाची. वाकून बघा, तिरफळाचा वाससुद्धा येतोय."

कुमारसाहेब पुण्याचे. तिरफळ त्यांना ठाऊक नव्हतं, पण डाग चांगलाच ठाऊक होता. सौदीतल्या रास तनुराच्या मागे, उंटांची कुरणं आणि तेलविहिरी यांच्या मधोमध, तो प्रत्येक नव्या नकाशात दलदल होऊन बसला होता. मोजणीवाल्यांचं जेवताना सांडलेलं कालवण पुढच्यांनी इमानदारीत उतरवून घेतलं, आणि सगळे पाईप आजवर त्या कालवणाला वळसा घालून गेले.

"जाऊन बघून या," साहेब खूश होऊन म्हणाले. "जमीन कोरडी निघाली तर पाईप सरळ, काम आपलं, तुमचा इथं राहायचा परवाना, इकामा, रिन्यू. दलदल निघाली तर खलास. मग जा रत्नागिरीला आंबे राखायला."

जमीन ठणठणीत कोरडी होती. हारून खुशीत पाय आपटत मधोमध गेला, तोच उंटवाला म्हातारा ओरडला. हारूनने खाली पाहिलं. दोन दगड. एक डोक्याशी, एक पायाशी.

"तुमच्याकडचाच," म्हातारा मोडक्या हिंदीत म्हणाला. "मोजणीवाल्यांचा बावर्ची. माझ्या बापाने पुरला. मासे झकास करायचा म्हणे."

"नाव काय त्याचं?"

म्हाताऱ्याने वर बोट दाखवलं. "त्याला माहीत."

उंटसुद्धा कबरीला वळसा घालूनच चरत होते. हारूनने दुआ मागितली, बराच वेळ.

गाडीतला पाण्याचा कॅन सकाळपासून भरलेलाच होता. परतताना रस्त्याकडेच्या मातीत त्याने तो पुरता ओतला आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत मन लावून बरबटवले.

बूट बघूनच साहेबांचा चेहरा पडला.

"अहो, सकाळी हळद म्हणालात ना?"

"हळदही आहे साहेब, दलदलही आहे."

"खोल किती?"

"माणूस मावेल एवढी."

"तुमचा इकामा, हारूनभाई..."

"खलास. माहितीये."

साहेबांनी पेन्सिल उचलली, पाईपला वळसा दिला. मग नाक वर करून हुंगू लागले.

"डबा उघडलात का हो? माशाच्या कालवणाचा वास सुटलाय."

हारूनने दोन्ही रिकामे हात पुढे केले.

"डबा कुठला साहेब? रमजान सरला तरी शव्वालचा रोजा आहे आज."